देव हलवला त्या सकाळी

बाबा, आपलं देऊळ उतरवलं. तू होतास तेव्हा रस्ता जोत्याच्या खाली होता. मग खाडीकडची जमीन भरली, टॉवर आले, रस्ता चढत गेला आणि देऊळ खड्ड्यात बसल्यासारखं दिसायला लागलं. अभिषेकाचं पाणी बाहेर सोडणारं गोमुख भरावाखाली गाडलं गेलं. पावसाळ्यात भरतीचं पाणी उलटं गाभाऱ्यात शिरायचं, पिंडी बुडायची. गावाने बैठक घेतली. जुनं काढायचं, उंचावर संगमरवरी बांधायचं. मी उठून म्हणाले, गोमुखापुढचा भराव काढू, भोवती नाली खणू, दगड अजून पक्का आहे. देवस्थानचे अध्यक्ष हसले. "ताई, रस्ता खाली कोन करून देनार? तुमी?"

ते देऊळ तूच मला दाखवलंस. चुना न वापरता एकमेकांत अडकवलेले काळे दगड, वर वर लहान होत जाणारे छताचे थर. कुणी बांधलं विचारलं की म्हणायचास, "मिठागरां नव्हती तवाचा हाय." तेवढाच तुझा इतिहास. अजून डोळ्यांपुढे आहे: मी बेलाची परडी घेऊन गाभाऱ्याच्या दाराशी उभी आहे, तू आत वाकून पिंडी धुतोयस. एकदा मी पाय आत टाकला. तू ओरडलास, "भायेर हो! गुरवाची पोर ना तू? तुला कलत नाय?" गुरवाची पोर म्हणूनच तर आत आले होते. पण परडी उंबऱ्याशी ठेवून मागे सरले. दादा मात्र कंटाळत, जांभया देत रोज आत जायचा.

दादा आता दुबईत असतो. देव हलवायचा ठरला, तेव्हा अध्यक्ष घरी आले. "भटजी मंत्र म्हनतील, पन पहिला हात गुरवाच्या घरचा लागतो. तुमचा भाऊ येत नाय बोलतो. तुमीच या."

"बाईमाणूस चालतं?"

"आता कोन बघतंय, ताई? तसंही पाडायचंच हाय."

हे ऐकून जाऊ नये असं वाटलं. तरी गेले. पायऱ्या उतरून, वाकून आत शिरले. आतला दगड गार होता, तेलाचा जुना वास होता. मी पिंडी धुतली, बेल वाहिला. तू काय म्हणायचास ते मला कधी ऐकू आलं नव्हतं, म्हणून आपल्याच शब्दांत म्हणाले, "देवा, इथे पाणी फार होतं. चल." मग बाजूला झाले. माणसांनी पहारी लावल्या. दगड सुटताना झालेला आवाज अजून कानात आहे.

देव सध्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे. पूजा पगारी पुजारी करतो. मला पुन्हा कुणी बोलावलं नाही. खांब रिक्षा स्टँडमागे पडलेत, पोरं त्यावर बसून मोबाईल बघतात. त्या दिवशी मी रडले, देवळासाठी रडतेय असं सगळ्यांना वाटलं. तुझ्यापर्यंत हे पोचणार नाही म्हणूनच लिहिते. बाहेर माणसं पहारी घेऊन खोळंबली होती, आणि ओल्या पिंडीवर हात ठेवून मी आत, बाबा, सुखात होते.