बाबल्याला पाठमोरं विचारायचं

प्रिय आये,

दोघांनाही सांगून ठेवायची काय गरज होती गं तुला? दादाला म्हणालीस, "बाबल्याक तूच बघ." मलाही म्हणालीस, "बाबल्याक तूच बघ." आणि निघून गेलीस मोकळी. आता आम्ही दोघं वकिलासमोर बसून एकमेकांना खोटं पाडतो. दोघंही खरं बोलतोय, त्या वकिलाने करायचं काय?

मी चौथीपर्यंत शिकलेली, पत्रं लिहायची मला सवय नाही. तरी लिहितेय, कारण मंगळवारी कोर्टात तारीख आहे आणि त्याआधी मला तुझ्याकडून एक गोष्ट कळायला हवी.

सुरुवात खोलीवरून झाली. दहिसरची खोली तुझ्या नावावर. भाड्याच्या पावतीवरचं नाव बदलायला मालकाने तिन्ही पोरांच्या सह्या मागितल्या. मी म्हटलं, बाबल्याचा अंगठा घ्या, संपलं. वकील म्हणाला, कशावर अंगठा देतोय ते त्याला कळत नसेल तर तो चालत नाही, कोर्टाकडून पालक नेमून घ्या. चौतीस वर्षांच्या घोड्याला पालक? मग इतके दिवस आमची आये त्याच्यासाठी सह्या करायची त्या कशा चालल्या? तर म्हणे, पोरगा अठराचा झाला त्या दिवसापासून कायद्याने तुमच्या आईलाही अधिकार नव्हता. कुणी विचारलं नाही म्हणून चाललं.

ऐकलंस? त्याची दाढी केलीस, दवाखाने केलेस, दारात उभी राहून त्याची वाट बघितलीस, आणि कायद्याने तू त्याची शेजारीण! मला तिथेच हसू फुटलं. तूही पदर तोंडाला लावून हसली असतीस.

दादाची तर आणखीच गंमत. तो शिमग्याला गावी जाऊन देवळात गाऱ्हाणं घालून आला होता, बाबल्याचा भार आजपासून माझ्यावर म्हणून. देवासमोर, गावासमोर बोललो म्हणजे पालक झालोच, असं त्याला वाटलं. वकिलाने चष्मा पुसत विचारलं, "देव साक्षीला येतील का?" दादाचं तोंड बघायला हवं होतंस.

दादा वाईट नाही हां. पण जो पालक होईल तोच ठरवणार बाबल्या कुठे राहणार ते. दादाला खोली सोडून त्याला मुलुंडला न्यायचंय. तिसरा मजला, नवराबायको दिवसभर ऑफिसात, दाराला बाहेरून कुलूप. मी म्हटलं, घाटकोपरला माझ्याकडे येऊ दे. तर वहिनी म्हणाली, "वन्सं, तुमच्याकडे पाय पसरायला तरी जागा आहे का?" खरं तेच बोलली, म्हणून जास्त राग आला.

जज्जसाहेब बाबल्याशीही बोलणार म्हणे. तिथेच तर पंचाईत! दादाकडे राहशील? हो. ताईकडे राहशील? हो. मनोरीला होडीवर राहशील? त्यालाही हो. समोरच्याचं तोंड बघतो आणि त्याला हवं ते उत्तर देऊन टाकतो. मग त्याला खरं काय हवंय ते तुला कसं कळायचं गं?

हा प्रश्न मला सोडेना. परवा दहिसरला गेले, पुन्हा विचारलं, पुन्हा तेच हो. माझं डोकं सटकलं. गप बस म्हटलं, त्याच्याकडे पाठ केली नि भाकऱ्या थापायला घेतल्या. थापता थापता आपलीच पुटपुटले, दादाकडे की माझ्याकडे, काय करायचं ह्याचं?

मागून आवाज आला, "हंडे."

तुला ठाऊक आहेच, नळाला पाणी आलं की अख्ख्या चाळीचे हंडे तोच लावतो. मी मान वळवली नाही. म्हटलं, "मुलुंडला हंडे नाहीत रे. नळ घरात आहे."

"नको."

आये, मी त्याच्या तोंडून 'नको' कधी ऐकलंच नव्हतं! भाकरी तव्यावर करपली. मी विचारलं, "मग घाटकोपरला?"

"ताय, तू हय ये."

शेजारच्या मालतीवहिनी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "तुझी आये त्याला अशीच विचारायची. कायम पाठमोरी."

मग मला दिसलीस तू. विळीवर मासे कापायला बसलेली, त्याच्याकडे पाठ, आणि विचारत्येस, "बांगडो व्हयो की मांदेली?" मला वाटायचं, तुला त्याच्याकडे बघायचाही कंटाळा आलाय. तू तर त्याला तुझं तोंड दिसू देत नव्हतीस! कधी कळलं गं तुला हे? आणि आम्हाला सांगायला काय झालं होतं?

मंगळवारी मी जज्जसाहेबांना सांगणार आहे, साहेब, रागावू नका, पण जरा तोंड तिकडे करून विचारा. हाकललं तरी सांगणार. आणि बाबल्या जिथे नको म्हणाला तिथे त्याला जाऊ देणार नाही, हा माझा शब्द.

पण 'तू हय ये' ह्याचं काय? पोरगी दहावीला आहे. सगळं बिऱ्हाड उचलून दहिसरला यायचं, असं ह्यांना मी अजून बोललेही नाही. ते त्याच्या मनातलं आहे, की तू जाण्याआधी त्याला पढवून गेलीस? तुझा काही भरवसा नाही.

सोमवारपर्यंत मला उत्तर हवं. स्वप्नात ये, पण पाठमोरी बसूनच सांग. तुझं तोंड दिसलं तर मीही हो म्हणून बसेन.

तुझी,
शालन