मशीन खोकलं ते

बाबा, काल मी तुमच्या सुनेवर ओरडलो. दुकानात, गिर्‍हाईकासमोर. तसा मी ओरडतोच, तुम्हाला काय नवीन सांगायचं? तुमच्या हयातीत मी पान्यावर ओरडलोय, हातोडीवर ओरडलोय, एकदा खडवलीला मशीन पोचवायला गेलेलो तेव्हा गिर्‍हाईकाच्या कुत्र्यावरसुद्धा. आई म्हणायची, याच्या नाकाच्या शेंड्यावर राग. पण कालचं ओरडणं त्यातलं नव्हतं. काल घरी आल्यापासून माझी मलाच इतकी लाज वाटतेय की आरशासमोर दाढी करायलाही नको झालंय. आणि हे सांगायचं कुणाला? जिला सांगायला हवं तिच्यावरच तर ओरडलोय. म्हणून तुम्हाला.

कल्याणचं दुकान अजून तसंच आहे. फवारणीचे पंप आता कमी येतात. घोडबंदरच्या टॉवरवाल्यांची गवत कापायची मशीनं येतात, आणि झाडं कापायच्या चेन सॉ मात्र पुष्कळ. तक्रार एकच, जी तुमच्या वेळी होती: चालू होत नाही, दोरी ओढून ओढून हात दुखला. तुम्ही मशीनला हातच लावायचा नाहीत आधी. चहा मागवायचात नि विचारत बसायचात. शेवटचं कधी चालवलंत? पेट्रोल कधीचं आहे? ऑइल किती मिसळता? मला वाटायचं, काय हा टाइमपास, खोला की पटकन. मग तुम्ही टाकीचं झाकण काढून वास घ्यायचात. मग प्लग काढून बघायचात, ओला की कोरडा. मग एअर फिल्टर. आणि सगळं ठीक असेल तर ब्रेक लावून, मशीन जमिनीवर पायाखाली दाबून, चोक लावून दोरी. कान मशीनकडे.

‘बघ,’ तुम्ही म्हणायचात, ‘थंड मशीन चालू व्हायच्या आधी एकदाच खोकतं. फट्. तेवढंच. ते खोकलं की चोक मागे घ्यायचा नि मग ओढायची. ऐकलं नाहीस नि तसाच ओढत राहिलास, तर पेट्रोल ढोसून गुदमरणार बिचारं. मग बस प्लग पुसत.’ मला ते ऐकू यायचं, पण थांबायचा धीर नव्हता. ओढ, ओढ, ओढ. शेवटी दोरी तुटून माझ्या हातात. तुम्ही एवढंच म्हणालात, ‘दोरीनं काय घोडं मारलंय रे तुझं?’ आणि ओला प्लग रुमालात गुंडाळून घरी घेऊन आलात. आई भाकऱ्या करत होती. तुम्ही चिमट्यात धरून प्लग तिच्या गॅसवर धरला. आई कडाडली, ‘अहो, ते घासलेट-बिसलेट काय असेल ते बाहेर न्या! भाकरीला वास लागतोय.’ तुम्ही लहान पोरासारखे हसलात. आणि जेवताना खरंच त्या भाकरीला वास येत होता, तरी सगळ्यांनी ती खाल्ली. मला अजून तो ओटा दिसतो, तुम्ही दिसता, आई तव्यावर हात झाडतेय.

आता माझं. गेली काही वर्षं मशीनं माझ्या हाताखाली गुदमरतायत. आधी वाटलं, पेट्रोलच भेसळीचं. मग वाटलं, हल्लीची मशीनंच भंगार. प्लग बदलले, फिल्टर बदलले. तेवढ्यानं भागलं नाही की ‘कार्बोरेटर गेला’ असं ठोकून द्यायचं. बाबा, कितीतरी जणांचे चांगले कार्बोरेटर मी काढून टाकले. लोक बिचारे मान डोलावतात, तुमच्या नावावर अजून विश्वास आहे ना. घरी टीव्हीचा आवाज वाढवला की ही कुरकुरते. कुकरची शिट्टी झाली म्हणते, मी म्हणतो कुठे झाली. मागून रिक्षा आली की अंगावर येईपर्यंत कळत नाही. हे सगळं मी जोडून बघितलंच नाही. खरं सांगू? बघितलं होतं. पण कबूल कोण करणार? चेन सॉवाला मिस्त्री आणि कानानं अधू, हे म्हणजे आंधळ्यानं सोनं पारखायला बसल्यासारखं. तुम्ही सांगायचात, कापताना कानात कापूस घाल. मी म्हणायचो, कापूस घातला तर मशीन कसं ऐकू येणार? शहाणा!

तुमची सून आता दुपारची दुकानात बसते. गल्ला तिच्याकडे, मोबाइलवर येणारे पैसे तिच्याकडे. मी मशीन ओढत असलो की ही मध्येच म्हणते, ‘अहो, झालं.’ मला वाटायचं, हिला काय कळतंय, उगाच लुडबुड. आणि राग आला की मी मुद्दाम आणखी दोनदा ओढायचो.

काल तिकडचा एक ख्रिश्चन शेतकरी आला, घोडबंदरच्या पलीकडच्या खाडीकाठच्या गावातला. मशीन खांद्यावर. त्याच्या आईच्या खोलीच्या पत्र्यावर चिंचेची जाडजूड फांदी येऊन अडकलीय. आई आतच झोपते, दुसरीकडे हलायला तयार नाही. ‘मिस्त्री, आज करून द्याच, मला झोप नाय लागत,’ म्हणाला. मी विचारलं काहीच नाही. सरळ मशीन पायाखाली घेतलं नि सुरू. ओढतोय, ओढतोय. घाम फुटला. त्यानं माझ्या खांद्याला हात लावला. ‘वहिनी काहीतरी बोलतायत.’

मी वळून बघितलं. ही उभी राहून म्हणत होती, ‘अहो, खोकलं ना ते. कधीचं.’

आणि माझं डोकंच फिरलं. ‘तुला काय कळतं गं यातलं? तू पैसे मोज, गप्प बस तिथं! दुकान मी चालवतो का तू?’ शेजारचा सायकलवालासुद्धा डोकावला. मग त्या बिचाऱ्याकडे वळून म्हणालो, ‘तुम्ही लोक वर्षभर पेट्रोल सडवता नि मग आमच्या डोक्यावर आणून टाकता. कार्बोरेटर गेलाय.’ तो हळूच म्हणाला, ‘पेट्रोल काल भरलंय. ताजं.’ मी ऐकलं नाही असं दाखवलं. हे दाखवायला मला जमतं हल्ली.

ही गल्ल्यामागून पुढे आली. त्याला म्हणाली, ‘भाऊ, तुम्ही ओढा.’ प्लग काढायला लावला. ओला होता, अर्थात, मीच बुडवलेला. तिनं तो स्वतः पुसला. प्लग बाहेर असतानाच त्याला काही वेळा दोरी ओढायला लावली, आतलं पेट्रोल उडून गेलं. थोडा वेळ तसंच ठेवून मग प्लग बसवला, चोक लावला. तो ओढू लागला. मी हाताची घडी घालून उभा, दोघांचे चेहरे बघतोय. आणि एकदम दोघांचे चेहरे बदलले. एकाच वेळी. त्याच्या भुवया वर गेल्या, हिचा हात चोककडे गेला. मला काही म्हणजे काहीच ऐकू आलं नव्हतं. बाबा, पायाखालची जमीन सरकली म्हणतात ना, तसं झालं मला. मशीन खोकलं होतं, माझ्यापासून हातभर अंतरावर, आणि ते फक्त मला सोडून सगळ्यांना कळलं होतं.

मग ते गरजलं. तेवढं मला ऐकू येतं. तुमचा नियम होता, गिर्‍हाईकाच्या हातानं चालू झालं तरच मशीन दुरुस्त म्हणायचं. तसं ते दुरुस्त झालं होतं, माझ्याशिवाय. तो माणूस भला. हसला नाही, कुरकुरला नाही. जाताना माझ्या कानाशी वाकून, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, ‘येतो हां, काका!’ आपण म्हाताऱ्यांशी बोलतो तसं. अख्ख्या ओळीतल्या दुकानदारांनी ऐकलं असणार. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यापेक्षा त्यानं शिवी दिली असती तर बरं.

दुकान बंद करून आम्ही डोंबिवलीला घरी आलो. आज ना उद्या हिला सांगावं लागणार, दवाखान्यात जावं लागणार, कानाला ते यंत्र लावून दुकानात बसावं लागणार, हे मला कळतंय. सॉरी म्हणायचं होतं, तेही राहिलं. हे तुम्हाला पोचणार नाही म्हणूनच मनमोकळं लिहितोय. पोचणार असतं तर मी आधी तुमच्यासमोरसुद्धा मशीनलाच दोष दिला असता.

संध्याकाळी ही ओट्याशी होती, पाठ माझ्याकडे. कांदा चिरता चिरता तिनं काहीतरी विचारलं. खांदे हलले, तिचा आवाज आला, पण शब्द नाही. ‘काय म्हणालीस?’ असं विचारायला फार काही लागत नाही, बाबा. पण दुपारचं तोंड घेऊन कसं विचारू? मी म्हणालो, ‘हो.’ तिचा सुरीचा हात थांबला. वळली. डोळे भरलेले, कांद्याचे असतील, माहीत नाही. जवळ आली, अगदी समोर, आणि हे मात्र मला तिच्या ओठांवर दिसलं: ‘नक्की?’

मी म्हणालो, ‘नक्की.’ तिनं माझा हात घट्ट धरला. बाबा, मी कशाला हो म्हणालोय, ते मला अजून माहीत नाही.