वीस बोअर की चारशेदहा

रविवार, २३ एप्रिल १९८९
शेतावरून, विस्कॉन्सिन

प्रिय हॉल्वर,

तू, मॅव्हिस आणि तुमची करीन, तिघंही धडधाकट असाल असं धरून चालते. आम्ही बरे आहोत. आर्नच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, ऑपरेशन जूनमध्ये आहे. माझा उजवा खांदा थंडीत कुरकुरतो. बाकी जिभेला काही झालेलं नाही, असं हा माझा नवरा म्हणतो.

सख्खी बहीण असून नाताळच्या कार्डाशिवाय मी तुला कधी लिहीत नाही, तेव्हा पाकीट बघून दचकला असशील. कोणी मेलेलं नाही. पत्राचं कारण आहे ग्राउंडहॉग.

हसू नकोस. गोठ्याच्या दगडी पायाखाली त्या मांजराएवढ्या घुशींनी इतकी बिळं केलीत की एक दिवस गोठाच आत जाईल. गेल्या आठवड्यात एका कालवडीचा पाय बिळात गेला आणि मोडला, तिला मारावं लागलं. सापळे लावले, तर एकात स्कंक सापडला. आर्न तो सोडवायला गेला, त्याने शेपटी वर करून फवारा मारला आणि आर्न असा काही घमघमला की तीन दिवस त्याचं ताट बाहेर पायरीवर. शेजारचा व्हर्जिल म्हणतो, "रग्ना, नुसती हाक मार, मी येऊन उडवतो." पण तो काठी टेकत येईपर्यंत ते लठ्ठ ध्यान चरून, पोट भरून बिळात गेलेलं असतं.

तेव्हा बंदूक घ्यायचं ठरलंय. लहान बोअरची, पंपाची, म्हणजे पहिली गोळी चुकली तर मूठ मागे-पुढे ओढून लगेच दुसरी मारता येते. आर्नला दिसत नाही, म्हणजे चालवणार मी. खांद्यामुळे बारा बोअर नको, आकडा जितका लहान तितकी नळी जाड आणि धक्का मोठा. उरल्या वीस बोअर आणि चारशेदहा. वीसला जोर आहे पण ती खांद्याला लागते. चारशेदहा अगदी लहान, हलकी, पण छर्रे मोजकेच. व्हर्जिल म्हणतो, पंचवीस पावलांपलीकडे मारलीस तर ग्राउंडहॉग नुसतं अंग खाजवेल. पायरीपासून बिळं वीस पावलांवर आहेत. काय करू?

तुला यातलं कळतं म्हणून विचारते. म्हणजे कळायचं. खरं तर व्हर्जिललाही कळतं, दुकानदारालाही कळतं, मग तुलाच का विचारायचं ते मला नीट सांगता येणार नाही. दुकानात दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा बंदुकांसमोर उभी राहिले आणि खिळे घेऊन परत आले. आता घरात खिळेच खिळे झालेत.

तीस वर्षांत या घरात बंदूक आलेली नाही. म्हणून जरा पाय अडखळतो, दुसरं काही नाही.

तिकडे दुलुथला अजून बर्फ आहे का? जमलं तर दोन ओळी टाक.

रग्ना


रविवार, १४ मे १९८९

प्रिय हॉल्वर,

तुझं उत्तर मिळालं. नेहमीसारख्या मोजून चार ओळी. "वीस घे. पंप पूर्ण ओढ, अर्धवट ओढलास तर काडतूस अडकेल. काडतुसं एकाच खणात ठेव. आणि कोटाचे खिसे तपासत जा, माझ्यासारखं करू नकोस."

ती शेवटची ओळ वाचल्यापासून माझं कशात लक्ष नाही. दूध उतू जाऊ दिलं, तेही दोनदा. कोंबड्यांना दाणे टाकायला गेले आणि डबा हातात घेऊन तशीच परत आले. आर्न म्हणाला, "तुला झालंय तरी काय? बसत का नाहीस कुठे?" बसवत नाही. हे पत्रसुद्धा अर्धं उभ्याने लिहितेय.

गुरुवारी तिसऱ्यांदा दुकानात गेले. म्हटलं, हॉल्वर म्हणतोय तर वीसच घेऊन टाकावी. दुकानदार एल्डन बडबड्या माणूस. म्हणाला, "आलात? आज खिळे की बंदूक?" मी म्हटलं, वीस बोअर दाखव. तर म्हणाला, "बाई, घरात दुसरी कुठली बंदूक नाही ना? बारा बोअर वगैरे? असली तर दोन मापं एका घरात नकोत." आणि मी काही बोलायच्या आत त्याने भिंतीवरची बारा बोअर काढली, वीसचं एक रिकामं पिवळं काडतूस तिच्या नळीत सोडलं. टक्. सरकलं आणि पुढे जाऊन बसलं.

"आता बघा," म्हणाला, "बाहेरून काही दिसत नाही. माणूस घोडा ओढतो, आवाज नाही. त्याला वाटतं, भरायचीच राहिली. मग तो मागून बाराचं भरतो आणि पुन्हा ओढतो. नळी फुटते, पुढचा हात जातो. म्हणून तर हल्ली वीसची काडतुसं पिवळीच करतात, लांबून ओळखू यावीत म्हणून. पूर्वी सगळी सारखी असायची. कोणातरी गाढवाने खिशात मिसळली की झालं."

"गाढवीण," मी म्हटलं.

त्याला वाटलं मी विनोद केला. तो हसला. मी काही न घेता बाहेर आले आणि गाडीत बसून राहिले. मागून कोणीतरी हॉर्न वाजवला तेव्हा कुठे भानावर आले.

हॉल्वर, आता लिहिते. मध्येच थांबले तर उरलेलं कधीच होणार नाही.

तो सोमवार होता, ऑक्टोबरातला. तू बारा बोअर घेऊन मक्यातल्या कावळ्यांवर गेलास. आदल्या दिवशी रविवार. रविवारी आपल्याकडे सुईदोऱ्यालाही हात लावायचा नाही, तर बंदूक लांबच. आईबाबा चर्चमध्ये कॉफीला थांबले होते आणि तू घोडं घेऊन खालच्या कुरणात. मी दारामागच्या खिळ्यावरचा बाबांचा कोट चढवला, वीस बोअर घेतली आणि गोठ्यावरची कबुतरं मारायला गेले. चौदा वर्षांची होते, मस्ती होती अंगात. तीन पाडली. तेवढ्यात वळणावर गाडीचा आवाज आला. कबुतरं खतात पुरली, बंदूक जागेवर ठेवली, कोट खिळ्यावर लटकवला.

परत आलं की खिसे टेबलावर रिकामे करायचे, हा बाबांचा नियम. पण टेबलावर काय ठेवणार होते मी? रविवारची काडतुसं? म्हणून ती खिशातच राहिली. म्हटलं, सकाळी काढू. सकाळी विसरले, आणि तोच कोट घालून तू गेलास.

कोंबड्यांच्या खुराड्यात होते तेव्हा तो आवाज आला. नेहमीचा नव्हता. त्याच क्षणी मला कळलं होतं. आईने तुझा हात पिठाच्या पोत्यात गुंडाळला त्याच्याही आधी.

बाबांना फुटलेल्या नळीत वीसच्या काडतुसाची पितळी कड सापडली. ती घेऊन ते हॉस्पिटलात आले आणि तुझ्या खाटेशी उभे राहून विचारलं, "वीसची काडतुसं त्या खिशात कोणी ठेवली?" तू पांढराफटक पडला होतास. म्हणालास, "मीच ठेवली असणार. शनिवारी वीस घेऊन गेलो होतो." मी पायथ्याशी उभी होते. शनिवारी तू खिसे रिकामे केलेस तेव्हा मी तिथेच बटाटे सोलत होते, मी डोळ्यांनी बघितलं होतं. तू विसरलास. मी विसरले नव्हते.

तू घोडा ओढल्यावर नळीत डोकावायला हवं होतंस, असं वाटून मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आले. बघ, लिहितानाही तुझ्यावरच ढकलते. कसली हलकट सवय लागलीये मला!

मग बाबा म्हणाले, ज्याला हातातल्या बंदुकीचं भान नाही त्याच्या हाती शेत द्यायचं नाही. आणि वर म्हणाले, दोन बोटांनी गायी पिळता येत नाहीत. तू दुलुथला निघून गेलास. शेत मला मिळालं. मी घेतलं, हॉल्वर. एकदाही नको म्हटलं नाही.

बाबांना पुरलं त्या दिवशी, चर्चच्या तळघरात, तू मला म्हणालास, "बाबांचं बरोबर होतं. मी निष्काळजीच." तेव्हा सांगायला काय हरकत होती? बाबाही नव्हते ओरडायला. मी काय केलं, तर तुझ्या कपात आणखी कॉफी ओतली.

आणि मॅव्हिसनं मला एकदा सांगितलं होतं की करीन झाली तेव्हा तू तिला दोन महिने उचललं नाहीस. म्हणायचास, "माझ्यासारख्या माणसाच्या हातात लेकरू देऊ नका." हे ऐकून मी हसले आणि म्हटलं, पुरुष असेच घाबरट असतात. असं म्हटलं मी! त्या दोन महिन्यांचं मी काय करू, सांग. बोटांचं नाव काढायचीही माझी लायकी नाही, पण बाप असून तू पोरीला हात लावला नाहीस ते माझ्यामुळे.

आज चर्चहून आल्यावर आर्नला सांगितलं. त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाला, "मला का सांगतेस? त्याला सांग. आणि अर्धं शेत त्याचं आहे, तेही लिही." लिहिलं. कागद तू म्हणशील त्या दिवशी करू. तुला नको असेल तर करीनच्या नावाने करू. पण शेत देऊन मी सुटले असं तू समजू नकोस, मीही समजणार नाही.

बंदूक घेईन ती चारशेदहा. तुझा सल्ला मोडतेय. जोर असो नसो, वीस बोअर या घराच्या दारातून आत आणणं मला जमणार नाही. ग्राउंडहॉग जवळ येईपर्यंत थांबेन.

हे पत्र मॅव्हिसला वाचून दाखव. करीनला तर आधी दाखव, ती आता मोठी आहे, तिला कळू दे तिचा बाप कसा आहे. शेवटी "उत्तर नाही दिलंस तरी चालेल" असं लिहिलं होतं, ते खोडलंय, तुला दिसेलच. चालणार नाही. शिव्या घाल, पण लिही.

मी पळपुटी आहे हे एव्हाना तुला कळलंच असेल. उद्या मीच म्हणेन की तसं नव्हतं लिहायचं मला. म्हणून चर्चच्या वहीत आहे तसं पूर्ण नाव घालून सही करते. तू कुणालाही दाखव.

खिशातली वीस बोअरची काडतुसं माझी होती. हॉल्वरची नव्हती.

रग्ना मारी टोलेफ्सन