राणी गादीवरून उठत नाही

मरोदा, भिलाई
९ डिसेंबर २०२४

चि. दामिनीस अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. पत्रास कारण की एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. ‘गादी कनकगडची’ या तुमच्या मालिकेत बालराजाला अभिषेक करताना राजपुरोहितांनी जे मंत्र म्हटले, ते वास्तुशांतीचे आहेत. जन्मभर शाळेत संस्कृत शिकवून हे ऐकण्याची पाळी माझ्यावर आली. चार वर्षांचा राजा गादीवर बसला की नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेला, याचा संबंधितांनी खुलासा करावा. पुरोहितांची दाढी मात्र छान चिकटवली आहे. दाढीबद्दल तक्रार नाही.

तू म्हणशील, बाबा फोनवर का नाही बोलत? फोन आला की तुझी आई स्पीकर लावते, शेजारी आजी बसते आणि अंकुर मधूनच ‘दीदी, स्पॉइलर दे ना यार’ म्हणून ओरडतो. अशा भरसभेत शास्त्रचर्चा होत नाही. म्हणून हे पत्र, आणि हे फक्त तुझ्यासाठी.

आता स्तुती. माझ्याकडून ती सहसा मिळत नाही, तेव्हा जपून ठेव. अभिषेकाच्या दिवशी तुझा तो दीर सरदारांना घेऊन दरबारात येतो. राजा वारला, मूल लहान, गादी माझी, असा त्याचा दावा. मला वाटलं, आता राणी वसुमती अर्धा तास भाषण करणार. पण तू एक शब्द बोलली नाहीस. दासीच्या खांद्यावर झोपलेलं मूल घेतलंस, मांडीवर ठेवलंस आणि गादीवर बसून राहिलीस. दिराकडे पाहिलंस फक्त. तुझा ओठ किंचित थरथरला आणि लगेच घट्ट मिटला. माझ्या हातातला चहा निवला, पोरी. करुण आणि वीर हे दोन रस एकाच चेहऱ्यावर कसे नांदतात, हे मी वर्गात खडू झिजवून सांगत आलो. मुलांना ते समजल्याचं कधी दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानदार बाबुलाल मला रस्त्यात अडवून म्हणाला, “गुरुजी, मराठी तो अपने पल्ले पड़ती नहीं, पर बिटिया बैठी, तो मैं भी दुकान में बैठे-बैठे सीधा हो गया.” एवढी समीक्षा मलाही जमली नसती.

तेव्हापासून राणी गादीवरून उठलेली नाही. खलबतं बसून, न्यायनिवाडा बसून, दिराचा विषप्रयोग उघडकीला आणला तोही बसून. आपल्या गल्लीत याला मोठं राजकारण मानतात. तुझ्या आजोबांनी तर सिद्धांतच मांडला. स्टील प्लांटमध्ये जन्म गेलेला माणूस, ते म्हणाले, “बरोबर करून राहिली पोरगी. पुढच्या पाळीचा रिलीव्हर आल्याबिगर जागा सोडाची नाही. सोडली का घुसलाच तो भाड्या देर!” आजी म्हणाली, “मंग तिनं जेवाव कवा?” आजोबा म्हणाले, “डबा आणते दासी. तू पाह्य चुपचाप.” दिराचं काम करणाऱ्या नटाला कळव की त्याने भिलाईत येऊ नये. आजीने त्याच्यासाठी काठी काढून ठेवली आहे.

मीही हसत होतो. राजनीतीचे दाखले देत होतो.

मग गेल्या आठवड्यात तो मंदिराचा भाग लागला. राणी एकटीच पायऱ्या चढून देवीच्या दर्शनाला जाते. कॅमेरा पाठीमागून. तीच पांढरी साडी, तोच अंबाडा. तुझ्या आईने हात जोडले. अंकुर म्हणाला, “क्या शॉट है!” आजोबा जाहिराती लागल्यावर उठून अंगणात गेले. मी पाणी द्यायच्या निमित्ताने मागे गेलो.

“प्रवीण, हे आपली दामिनी नोहे,” ते म्हणाले.

मी पाण्याचा ग्लास पुढे केला.

“प्लांटच्या गेटवर हजार माणूस सुटे. सबचे हेल्मेट एक, कपडे एक, तोंडं काळे. आमी चालीवरून माणूस ओळखो. हे बाई पाय घासत चालते. आपली पोरगी टाचा आपटते. लहानपणी त्या आवाजापायी खालच्या घरची सिंधुताई भांडाले येत होती, आठवते ना? तुले दिसलं नाही काय?”

“दिसलं, बाबा.”

“मंग बोलला कावून नाही?”

“तुम्ही तिथंच कावून नाही बोलले?”

त्यांनी घराकडे पाहिलं. आत तुझी आई जाहिरातीतसुद्धा टीव्हीवरून नजर काढत नव्हती. “तिच्यासमोर कसा बोलू?” एवढंच म्हणाले आणि पाणी न पिताच ग्लास परत दिला.

तेव्हापासून आम्ही दोघं रोज तिच्यासमोर राणीच्या राजकारणाचं कौतुक करतो. आजोबा फार वाईट अभिनय करतात. मीही.

तू हल्ली व्हिडिओ कॉल करत नाहीस. नेट कमजोर आहे म्हणतेस. दिवाळीला शूटिंग होतं म्हणालीस, आणि मी मान्य केलं, कारण राणीला सुट्टी कुठली. तुला घोड्यावरून उतरताना दाखवलं होतं, ते आता आठवतं. त्यानंतरच हे बसणं सुरू झालं ना?

तू का सांगत नाहीस तेही मला कळतं. काही झालं तर आई पहिल्या गाडीने तुला परत आणेल, आणि वसुमतीची साडी दुसऱ्या कुणाला नेसवतील. दामिनी, मी तुला परत बोलावणार नाही. आईला मी सांभाळतो. तू राणी आहेस, आणि फार चांगली राणी आहेस. या पत्रातली स्तुती मागे घेत नाही.

पण त्या थरथरत्या ओठाला मी दाद दिली, बाबुलालकडून घेतली, शिक्षकांच्या खोलीत तो क्षण पुन्हा पुन्हा वर्णन करून सांगितला. आता तो प्रसंग डोळ्यांपुढे आला की मला समजत नाही, तो अभिनय होता की तुझा पाय दुखत होता. तुला दुखत असताना मी चहा घेऊन वाहवा म्हणत बसलो होतो, ही भीती मनातून जात नाही. पायाला काय झालंय, मोडलाय का, परक्या गावात तुला धरून उठवायला कोण आहे, एवढं मला लिही. खोटंच लिहायचं असेल तर लिहू नकोस, मी येतो.

तुझा, घाबरलेला,
बाबा