भैय्याजींच्या नावाचा दगड

सिहोरा
१० जुलै २०२५

चि. रुपास,
देवका आत्याचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. माझी नात गुड्डी या कागदाचा फोटो काढून तुला मोबाइलवर पाठवेल. फोनवर मला निम्मंही ऐकू येत नाही, आणि गुड्डी मधे पडून सांगते ते अर्धं तिच्या मनचं असतं. तूही कागदावरच लिही. दवाखान्यात नोकरी करून तुझं अक्षर डॉक्टरांसारखं झालंय, जरा मोठं काढ.

इकडे धानाची रोवणी सुरू आहे. बाया मिळत नाहीत.

काम असं, की तू जर्मनीत आहेस म्हणून तुलाच सांगते. माझा बाप, दसरथ गभणे, मी आईच्या पोटात असताना आंबागडहून दुसऱ्या महायुद्धात गेला. आफ्रिकेत पकडला गेला आणि पुढे जर्मनीत नेला, एवढं एक परतलेला शिपाई सांगून गेला. नंतर काहीच नाही. आईनं मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही आणि पितरात त्याचं ताट वाढू दिलं नाही. जित्या माणसाले कायले पितर करता, म्हणायची.

मी चौऱ्याऐंशीची झाले. तो गेलाच असणार, पण कुठे, कधी, हे कळल्याशिवाय माझ्याही हातानं ताट वाढवत नाही. बघशील का?

इश्वरला, तुझ्या बापाला, सध्या बोलू नको. हा विषय काढला की तो उठून जातो.

वाट बघणारी,
देवका आत्या


जर्मनी
३ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
रुपाचा सा. न. वि. वि. अक्षर मोठं काढलंय, आता नावं ठेवू नकोस.

दसरथ गभणे कुठल्याच यादीत सापडले नाहीत. पण इथून चार तासांवरच्या एका गावात हिटलरच्या काळात कैद्यांची छावणी होती, तिथे गेले. आंबागड, जिल्हा भंडारा, असा एकच माणूस तिथल्या नोंदीत आहे. त्याचं नाव भैय्याजी गभणे. म्हणजे माझे आजोबा, तुझ्या बापाचे थोरले भाऊ! त्यांना तर मी सात वर्षांची होईपर्यंत आपल्या अंगणात पाहिलंय. त्या कैद्याच्या कार्डाचा फोटो सोबत आहे. त्यावरच्या चेहऱ्याचं कपाळ आणि कान बघ. मला ते तुझे वाटतात.

हिंदी कैद्यांना रांगेत उभं करून त्या हुकूमशहाच्या नावानं शपथ घ्यायला सांगत. घेईल त्याला नवा गणवेश आणि पोटभर जेवण. या कार्डावर लिहिलंय, शपथ नाकारली. पुढे दगडखाण. ११ फेब्रुवारी १९४४ ला न्यूमोनियानं मृत्यू.

दप्तर सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या की तेव्हा माणूस उपाशी ठेवत, पण कार्ड सुवाच्य भरत. कार्डावरचं अक्षर त्यांच्याच आजोबांचं आहे. मला पाणी देता देता त्यांनी हे सांगितलं. कुठे बघावं मला कळेना.

आत्या, आंबागडात दुसरे कोणी भैय्याजी गभणे होते का?

तुझ्या उत्तरावर डोळे लावून बसलेली,
रुपा


सिहोरा
९ ऑगस्ट २०२५

चि. रुपास,
अनेक आशीर्वाद. दोन दिवस पेन उचलला नाही.

दुसरे कोणी नव्हते. आई एक गोष्ट हसून सांगायची. मी तीन वर्षांची असताना तार आली, भैय्याजी गभणे मेले. आणि भैय्याजी तर ओसरीत बसून भात खात होते! मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं, म्हणून आजीनं गावाला जेवण घातलं. आईनं स्वतः वाढलं. रुपा, ते माझ्या बापाचं तेरवीचं जेवण होतं, आणि आम्ही हसत वाढलं.

काल इश्वरकडे आंबागडला गेले. कार्ड समोर ठेवलं. म्हणाला की त्याला ठाऊक होतं. दसरथ सतराचा होता, भरतीला अठरा लागत, म्हणून भैय्याजींनी आपला शाळेचा दाखला दिला. मरताना त्यांनी इश्वरला सांगितलं. एवढ्याशा पोरीचं, म्हणजे माझ्या आईचं, कुंकू पुसवत नव्हतं म्हणून बोलले नाहीत, असं म्हणाला. वर मलाच म्हणाला, की बाई, मेल्या माणसाले आता काहून उकरून राहिली.

भैय्याजींनी मला खांद्यावर शाळेत नेलं, माझं लग्न लावलं. मी कोणावर रागवू?

आत्या


जर्मनी
२० ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. ऑक्टोबरात त्या छावणीच्या स्मशानात नवे दगड बसणार आहेत. नाव दुरुस्त करायचं तर दोन्ही भावांच्या वारसांचा सहीचा अर्ज पंधरा सप्टेंबरच्या आत हवा. दाखला कोणी दिला आणि तार आल्यावर खरं का सांगितलं नाही, हे त्यात लिहावं लागेल. नाहीतर माझ्या आजोबांचंच नाव कायम कोरलं जाईल.

बाबांना फोन केला. त्यांनी ठेवून दिला. मी त्यांना त्या दप्तरातल्या बाईंबद्दल लिहून पाठवलंय. वाचलं की नाही, माहीत नाही.

मलाही आजोबा प्यारे आहेत, आत्या. तरी तू सही कर.

रुपा


सिहोरा
२२ सप्टेंबर २०२५

चि. रुपास,
तुला आणि तुझ्या दवाखान्यातल्या सगळ्या रोग्यांना आशीर्वाद. अर्ज पोचल्याचा निरोप गुड्डीनं वाचून दाखवला. तो कसा निघाला ते ऐक.

मी माझ्यापरीनं लिहून ठेवला होता. भैय्याजींनी मला वाढवलं, हे पहिलं वाक्य. धाकट्या भावजयीचं कुंकू राहावं म्हणून गप्प बसले, हे दुसरं. इश्वर यायचं नाव घेईना. तीन आठवडे गेले. बारा तारखेला आला, चपला न काढताच बसला आणि अर्ज मागितला. तीनदा वाचला. मला वाटलं, फाडतो आता. त्यानं कुंकवाचं वाक्य खोडलं. म्हणाला की कुंकवाचं बाबांनी मागाहून जोडलं, आधी ते पोलिसाले भेले होते, खोटा दाखला दिला म्हणून धरतील असं वाटलं त्यांले, तेच लिही. मी म्हटलं की राहू दे रे, तुझा बाप आहे. तर म्हणाला की म्हणूनच. मग सही केली. चहा न घेता गेला.

काल सर्वपित्री झाली. ताट वाढलं आणि घास हातात घेऊन थांबले. हाक कशी मारायची? बाबा म्हणायची सवय तर मला भैय्याजींना. आईनं नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही, म्हणून घरात त्या नावानं मारलेली हाक मी ऐकलीच नव्हती. गुड्डीनं हिशेब करून सांगितलं, एकविसाव्या वर्षी गेला तो, तिच्याहून लहान. तेव्हा ओठावर आलं तेच म्हटलं.

दसरथ, ये पोरा, जेव.

दगड बसला की फोटो पाठव. तुझं जेवण वेळेवर होऊ दे, एवढंच मागणारी,
देवका आत्या