आजीचं माहेर शोधताना झालेली दैना

पोर्टलीश, आयर्लंड
रविवार (पाऊस आहे, हे वेगळं लिहायला नको)

तीर्थस्वरूप शोभनाआत्या,

आधी तुझ्या नव्या गुडघ्याची चौकशी, मग पायांना नमस्कार. जिना चढतेस का? सांगलीला थंडी पडली का? इकडे निहारिका सर्दीने, गुंजन परीक्षेने आणि मी तुझ्यामुळे बेजार आहे. एवढं सोडलं तर काळजी नसावी. पत्र अशासाठी की फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला तू बोलू देत नाहीस.

गणपतीत तू फर्मान सोडलंस की रणजित युरोपातच आहे, त्याने डोळे मिटायच्या आत (तुझे, माझे नव्हेत, पण माझेच आधी मिटतील अशी लक्षणं आहेत) तुझ्या आईच्या माहेरचा पत्ता काढावा. आत्या, पोर्टलीशहून जर्मनी म्हणजे सांगलीहून मिरज नव्हे. मध्ये दोन समुद्र आहेत, आणि हॉस्पिटलची ड्यूटी हा तिसरा. शिवाय तुला नुसता पत्ता नको होता. आजी मोठ्या सरदार घराण्यातली, म्हणून त्या घराण्याचं चिन्ह फ्रेम करून दिवाणखान्यात लावायचं होतं. माझ्या हातात काय दिलंस? नाव गर्ट्रूड मेट्झगर, गाव नॉयश्टाट. आजोबा कापड रंगवायचं शिक्षण घ्यायला तिकडे गेले आणि लढाईआधी रंगांबरोबर तिलाही इचलकरंजीला घेऊन आले, ही कथा मी लहानपणापासून ऐकतो. पण कथेवर शोध लागत नाही.

इथल्या वाचनालयात पूर्वज शोधणाऱ्यांची बैठक भरते, तिथे गेलो. आयरिश माणसाला पूर्वजांचं भारी वेड. सगळे आपापले पणजोबा घेऊन बसले होते. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, मी भारतातून आलोय आणि मला जर्मन आजी शोधायची आहे. मग एका म्हाताऱ्याने उठून मला चहा आणून दिला, आपल्याकडे दुःखाच्या घरी देतात तसा.

ग्रंथपाल बाई भली. तिने समजावलं की जर्मनीत सगळ्या देशाचं दप्तर एका जागी नसतं. ज्या त्या गावची नोंद त्या त्या गावात. दीडशे वर्षांपासूनची सरकारी, त्याआधीची चर्चमधली. चर्चच्या पुष्कळ वह्या आता इंटरनेटवर दिसतात, काही फुकटही. पण आधी गाव पक्कं हवं आणि पंथ माहीत हवा. म्हणून मी तुला फोन केला की आजी कॅथलिक होती का प्रोटेस्टंट. तू म्हणालीस, आई सोमवार करायची.

गावाची तर आणखी तऱ्हा. नॉयश्टाट म्हणजे नवं गाव. आपल्याकडे वडगावं आहेत तशी तिकडे नॉयश्टाटं. मी रोज ड्यूटीनंतर एकेक उघडून बसायचो. वह्यांतली लिपी अशी की मुंगी शाईत बुडून पळाली असावी. (माझ्या प्रिस्क्रिप्शनला नावं ठेवणाऱ्यांनी ती पाहावी.) डोळे गेले, पाठ गेली. निहारिका माझ्याशी बोलेनाशी झाली. म्हणाली, जिवंत बायकोला मेलेल्या बायकांची सवत करून ठेवलंयस.

शेवटी त्या ग्रंथपाल बाईनेच तोड काढली. इथून जवळ डोंगरात इंगेबोर्ग नावाच्या एक निवृत्त जर्मन शिक्षिका शेळ्या पाळून राहतात, त्यांना ती लिपी येते. गेलो. वाटेत चिखलात गाडी रुतली, एका शेळीने माझा मफलर खाल्ला. बाईंनी आधी सांगितलं की मेट्झगर म्हणजे खाटीक. माझा चेहरा पाहून म्हणाल्या, आडनावाला काही अर्थ नसतो. मला बरं वाटलं. आपल्याकडचे कुलकर्णी तरी कुठे दप्तर लिहितात!

मग त्यांनी जेवायला वाढलं. सालासकट उकडलेले बटाटे आणि वर दही. मी दमलेलो होतो, सहज बोलून गेलो की आमच्याही घरी ग्रुंबेरं अशीच करतात.

बाईंचा चमचा थांबला. "काय म्हणालात? पुन्हा म्हणा."

"ग्रुंबेर. बटाट्याला आमच्या घरी ग्रुंबेरच म्हणतात. शाळेत जाईपर्यंत मला तो मराठी शब्द वाटत होता."

आत्या, तुलाही वाटत असेल. तो मराठी नाही, पुस्तकातल्या जर्मनमधलाही नाही. जर्मनीच्या एका कोपऱ्यात, द्राक्षमळ्यांच्या मुलुखात, बटाट्याला तसं म्हणतात. त्या मुलुखात एक नॉयश्टाट आहे. बाईंनी वह्या वगैरे बाजूला सारल्या आणि त्या गावात मेट्झगर नावाचं दुकान आहे का ते पाहून थेट फोन लावला. मी एवढे दिवस पाठ मोडून घेतली आणि त्यांनी बटाटे गार व्हायच्या आत काम उरकलं. पलीकडच्या बाईने ऐकून घेतलं, रिसीव्हर बाजूला ठेवला आणि आतून आपल्या काकांना हाक मारली. नाव हेल्मुट, वय ऐंशीच्या पुढे. आजीच्या धाकट्या बहिणीचा मुलगा, म्हणजे तुझा सख्खा मावसभाऊ. तो म्हणाला, "माझी आई मरेपर्यंत पोस्टमनची वाट पाहत होती."

लढाईत पत्रं बंद पडली, पुढे तिच्या माहेरच्यांचं घर बदललं, आणि गर्ट्रूड हिंदुस्थानात तापाने गेली असं बाकीच्यांनी धरून घेतलं. इचलकरंजीत ती म्हातारी होऊन नातवंडांना ग्रुंबेरं सोलून घालत होती, हे ऐकून तो माणूस रडला. इंगेबोर्गबाई भाषांतर करता करता थांबल्या आणि शेळ्या बघून येते म्हणून बाहेर गेल्या.

तर आत्या, सरदार घराणं नाही. आडनाव खरंच धंद्याचं आहे. तुझे आजोबा डुक्कर कापत. दुकानावर चिन्ह आहे, पण ते फ्रेम करण्यासारखं नाही. डुक्कर हसताना दाखवलंय. सुनेने, शिवांगीने, फ्रिजमध्ये अंडी ठेवली म्हणून तू फ्रिज वेगळा घेतलास, त्यामुळे हे बसून वाच असं वरच लिहायला हवं होतं. मी आता या जन्मात कुणाचेही पूर्वज शोधणार नाही.

सर्वांना यथायोग्य सांग, आणि गुडघ्याला जप.

तुझा,
रणजित

ता. क. हेल्मुट मुलीला घेऊन जानेवारीत सांगलीला येतोय. मी नको म्हणालो नाही. त्याच्या आजोबांच्या पद्धतीचा एक पदार्थ डब्यात बंद करून आणणार आहे: डुकराच्या पोटात ग्रुंबेरं भरून. नाही म्हणायचं काम तुझं.

आणखी एक. पत्र खरं तर याच्यासाठीच लिहायला बसलो. फोन ठेवताना, इंगेबोर्गबाई परत आल्यावर, त्याने विचारलं, ती तिकडे सुखात होती का? मी इथल्या सवयीने म्हणालो, ग्रँड, म्हणजे मजेत. इथे फासळ्या मोडलेला पेशंटही विचारलं की ग्रँडच म्हणतो, त्यामुळे त्या शब्दाने काही कळत नाही. हेल्मुटने पुन्हा विचारलं. ती गेली तेव्हा मी लहान होतो, आत्या. मला तिचे हात आठवतात, चेहरा नाही. तू तिच्याजवळ राहिलीस. खरं असेल ते लिही, गोड करू नकोस. तो खाटकाचा नातू आहे, सोसेल. तूही त्याच खाटकाची नात आहेस, सोसशील. माझं मात्र मला सांगता येत नाही.