उंच आलेला बॉल

नवागाम, सुरत
२९ जानेवारी २०२४

ती. ताईस, प्रफुल्लचा स. जयभीम वि. वि.

पत्र बघून चकित होशील. मोबाइलकडे पाहिलं की अक्षरं हलतात, म्हणून कागद घेतला. मागच्या रविवारी फुटबॉलच्या मॅचमध्ये उंच बॉलला दोघं एकदम उडालो आणि माझं डोकं समोरच्याच्या डोक्यावर आपटलं. थोडा वेळ आडवा होतो, मग पूर्ण खेळलो. काळजीसारखं काही नाही. आईचे गुडघे मात्र दुखतात.

११ तारखेला फायनल. बडोद्याच्या एका क्लबची माणसं मला बघायला येणार आहेत. इतकी वर्षं कापडाच्या लूमवर पाळी करून हौसेनं खेळलो. सत्ताविसाव्या वर्षी पहिल्यांदा कोणी पगारावर खेळशील का विचारतंय. बाबांना डोक्याचं सांगू नकोस. आणि हो, आईचे गुडघे दुखतात, ते सांगायचं राहिलंच होतं.

भाऊजींना जयभीम. माया आहे तशी ठेव.

तुझा,
प्रफुल्ल

भुसावळ
३ फेब्रुवारी २०२४

चि. प्रफुल्ल यास अ. उ. आ.

आईच्या गुडघ्यांचं तू एकाच पत्रात दोनदा लिहिलंस. आधी हसले, मग हसू येईना. बाबांना फोन केला. ते म्हणाले, धाग्याची तार तुटून लूम बंद पडला तरी तू नुसता बघत उभा होतास, शेठनं हाक मारल्यावर दचकलास. मग मी त्यांना सगळं सांगून टाकलं. चिडायचं तर चीड. लहानपणी हरलास की जेवायचा नाहीस आणि तुझ्या वाटची भाकरी मला मिळायची, तेव्हा तुझ्या रुसण्याला मी भीत नाही.

बडोदेवाले पुन्हा येतील किंवा नाही येणार. तू आधी डोक्याच्या डॉक्टरकडे जा. एवढं ऐक.

तुझी,
जागृतीताई

नवागाम, सुरत
१२ फेब्रुवारी २०२४

ती. ताईस, स. जयभीम.

तुझं ऐकलं नाही. फायनल झाल्यावर डॉक्टरकडे जातो असं बाबांना कबूल करून खेळायला गेलो. शेवटी शेवटी बरोबरी असताना बॉल उंच आला, सरळ माझ्यावर. असे बॉल मी डोळे मिटूनही डोक्यानं मारायचो. काल मला दोन बॉल दिसले. मी डोकं खाली घेतलं. माझ्या मागे असलेल्या त्यांच्या खेळाडूनं गोल केला. हरलो.

आमचा कॅप्टन वाल्मिक माझ्याशी बोलला नाही. बडोदेवाले न भेटताच गेले. मैदानात पोरं म्हणत होती, प्रफुल्ल घाबरला. खरंच घाबरलो, ताई. तसा आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो.

बाबा पहिल्यांदाच माझी मॅच बघायला आले होते. स्कोअर विचारला नाही. रिक्षात बसवून थेट दवाखान्यात नेलं. डोक्याचे फोटो काढलेत, रिपोर्ट यायचाय. डॉक्टर म्हणाले, खेळ आता विसरा. रस्त्यात बाबांनी मला माझं नाव विचारलं, ते सांगितलं. आईचं रंभाबाई, तेही सांगितलं. मग तुझं विचारलं. ते यायला वेळ लागला. बाबा रिक्षात माझा हात धरून थांबून राहिले.

सवड काढून ये.

तुझा,
प्रफुल्ल